वटपौर्णिमेला फाकारावात

तिकिटं काढताना कालनिर्णय उघडून बसले होते. फाकारावाला जायचं तर तारीख नाही, तिथी बघायची. प्रशांत महासागरातल्या ताहितीहून विमानाने तासाभरावर, तुआमोतू द्वीपसमूहातलं हे कंकणद्वीप, म्हणजे मधल्या खाजणाभोवती प्रवाळाचं कडं. त्याच्या दक्षिणेला तुमाकोहुआची खिंड आहे, म्हणजे समुद्राचं पाणी त्या कड्यातून आत-बाहेर करायची वाट. जून-जुलैच्या पौर्णिमेच्या सुमारास हजारो हेकरू (ग्रूपर मासे) अंडी घालायला तिथे जमतात. फ्रेंच संशोधक लॉरां बालेस्टा यांच्या चमूने सुमारे 17 हजार मोजले होते.

आई फोनवर म्हणाली, "वटपौर्णिमेला वड सोडून मासे बघायला? बरं, गाबोळी असेल ना त्यांना?"

गाबोळी होती! 25 मीटरवर तळाशी टेकले तर समोरचा दगड हलला. तपकिरी डागांचा हेकरू. अंगावर प्रवाळाचीच नक्षी, त्यामुळे एक दिसला की मग शेजारचे चाळीस दिसतात. नर आधीच येऊन जागा अडवून बसलेले. एकाचा ओठ फाटलेला, दुसऱ्याच्या परांच्या चिंध्या. माद्या मागाहून येतात, पोटं टरारलेली. वर करड्या मुशींची, म्हणजे शार्कची, रांगच्या रांग प्रवाहात तरंगत होती, दिवसा अगदी आळशी. त्यांची शिकार रात्री चालते. इथे सातशेच्या आसपास मुशी आहेत म्हणे. मी शंभरानंतर मोजणं सोडलं.

पौर्णिमाच का? कोकणातल्या कुणालाही विचारा: उधाण. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाणी खिंडीतून असं ओढून बाहेर पडतं की अंडी भराभर खुल्या समुद्रात जातात, प्रवाळावरच्या खादाड तोंडांपासून लांब. शिवाय सगळ्यांनी एकदमच सोडली तर खाणारे खाऊन खाऊन किती खाणार?

पौर्णिमेला आम्ही दोनदा उतरलो. काही नाही. सगळे नुसते बसून.

दुसऱ्या दिवशी मात्र मला उतरता येईना. उद्या सकाळचं विमान, आणि डायव्हनंतर अठरा-चोवीस तास उडायचं नसतं. कालनिर्णयात तिथी पाहिली, परतीचं तिकीट नाही पाहिलं! धक्क्यावर पाय सोडून बसले. दुपारी सुकती लागली. तासाभराने आमच्या मुक्कामातली एक फ्रेंच बाई वर आली, मास्क काढायच्या आधीच हातवारे करत: मादी वर झेपावते, मागून पाच-सहा नर, क्षणभर पांढरा ढग, की पुन्हा खाली. शेकडो ढग, आणि त्यांत घुसून अंडी गिळणारे निळे-पिवळे मासे.

मी खाली वाकून पाहिलं. पाणी निळंशार, जोरात बाहेर चाललेलं.