फ्रान्सेलियन फादर लोकांबद्दल थोडं

नागपुरात एसएफएस (सेंट फ्रान्सिस डी सेल्स) म्हटलं की सगळ्यांना सदर भागातली शाळा आठवते, पण 1870 मध्ये ती सुरू करणाऱ्या फादर लोकांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून आज लिहूनच टाकतो.

हे फ्रान्सेलियन, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंस्थेचे फादर. 1838 मध्ये सॅव्हॉयमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) अ‍ॅनसी गावी पीटर मेर्मिए नावाच्या फादरनी ही संस्था काढली आणि 1845 मध्ये यांचे लोक भारताकडे निघालेही, तेव्हा सुएझ कालवासुद्धा नव्हता, विचार करा!

नाव घेतलं ते संत फ्रान्सिस डी सेल्सचं. आपल्या नागपूरच्या कॅथेड्रललाही (बिशपच्या मुख्य चर्चलाही) त्यांचंच नाव आहे, 24 जानेवारीला सण असतो. तरुणपणी ते सॅव्हॉयमधल्याच, प्रोटेस्टंट झालेल्या शाब्ले भागात गेले तर लोक प्रवचनाला यायलाच तयार नाहीत, मग यांनी काय केलं, पत्रकं लिहायची आणि घराघरात दाराखालून सरकवायची. शिव्याशाप नाहीत, गोडीगुलाबीने सांगायचं. म्हणूनच 1923 मध्ये पोपनी त्यांना लेखक-पत्रकारांचे संरक्षक संत केलं, आणि मला हे मनापासून पटतं.

या फ्रान्सेलियन फादरांच्या शपथा तीन, गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. ऐकायला सोपं वाटतं, पण पगार मिळाला तरी तो संस्थेत जमा, आणि बदलीचा आदेश आला की निघायचं. माझ्या ओळखीच्या एका फादरची बदली झाली तेव्हा सामान म्हणजे एक सुटकेस आणि पुस्तकांचा खोका. मी म्हटलं, फादर, बाकीचं कधी नेणार? ते म्हणाले, बाकीचं आहेच कुठे बेटा.