व्हरोशाचे फोटो कुठे आहेत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सायप्रसहून आल्यापासून भेटेल तो हेच विचारतो, "फामागुस्ताला चार दिवस राहिलीस आणि व्हरोशाचा एक फोटो नाही?" व्हरोशा म्हणजे फामागुस्ताचा समुद्रकाठचा भाग; 1974 मध्ये तुर्की सैन्य आलं तेव्हा तिथले रहिवासी घरंदारं सोडून पळाले, आणि तो कुंपण घालून ओसाडच ठेवला गेला. आधी मी फोन बंद पडला होता असं सांगायचे. खोटं होतं ते. शंभरेक फोटो काढले होते, नंतर पुसून टाकले.

जुन्या शहराचे आहेत की! सेंट निकोलस कॅथेड्रलचेच चाळीस असतील. सायप्रसच्या लुसिन्यान घराण्यातल्या राजांना इथे जेरुसलेमचा मुकुट चढवत, जेरुसलेम हातचं जाऊन जमाना झाला होता तरी. 1571 मध्ये तुर्कांनी व्हेनिसकडून शहर घेतलं आणि कॅथेड्रलची मशीद झाली. गॉथिक दर्शनी भागाच्या एका कोपऱ्यावर छोटासा मिनार आहे. समोरचं म्हातारं झाड आपल्या उंबराचं भाऊबंद, फळं तशीच थेट खोडाला लगडतात. पार बांधायचा तेवढा राहिलाय. ऑथेल्लोच्या बुरुजाच्या दारावरचा व्हेनिसचा पंखवाला सिंहसुद्धा तुम्हाला दाखवलाय.

व्हरोशात मी भाड्याची सायकल घेऊन शिरले. ऑक्टोबर 2020 पासून काही रस्ते खुले आहेत, इमारतींपुढे दोर बांधलेत. अशाच एका दोरापाशी सत्तरीच्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी इंग्रजीत फोटो काढायला सांगितला. "तिसरा मजला. ती बाल्कनी यायला हवी." मी मागे सरले, मजले मोजले, त्यांना थोडं डावीकडे घेतलं. उजेड छान होता. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "स्माइल!"

त्या हसल्या. शाळेच्या फोटोत मुलं हसतात तशा, सांगितलं म्हणून.

मग फोन घेऊन त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. स्वतःचा चेहरा नाही, बाल्कनी. "दार उघडं दिसतंय का? की सावली आहे?" मला कळत नव्हतं. मी म्हटलं, सावली आहे. त्या थँक्यू म्हणाल्या.

आता यात माझं काय चुकलं? फोटो त्यांनीच मागितला. मी दोर ओलांडला नाही. तिथल्या समुद्रात पोहलेही, हो, तेही सांगून टाकते. मूळ रहिवाशांखेरीज कोणाला व्हरोशात वसवणं अमान्य आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या 1984 च्या 550 क्रमांकाच्या ठरावात म्हटलंय. मी कुठे वसायला गेले होते, नुसती पोहले, अशी वकिली रात्री दोन वाजता स्वतःशीच केलीय.

पण मग ब्रागादिनचं काय? 1571 मध्ये शहर शरण आल्यावर तुर्कांनी त्या व्हेनिसच्या सेनापतीची जिवंतपणी कातडी सोलली, त्यात पेंढा भरला. हे मी तुम्हाला जेवताना रंगवून सांगितलं आणि तटबंदीवरचा माझा हसरा फोटोही दाखवला. साडेचारशे वर्षं झाली की चालतं, आणि पन्नास झाली तर नाही? तेव्हाची मी म्हणायची, जुनं झालं की दुःखाचा इतिहास होतो. किती जुनं, ते तिने कधी सांगितलं नाही. आणि फोटो पुसले म्हणून त्या बाईंना काय मिळालं? कधी कधी वाटतं, ते पुसणंही नाटकच.

जवळच्या सालामिसचे, त्या प्राचीन शहराच्या अवशेषांचे, हवे असतील तर पाठवते, भरपूर आहेत. तिथल्या रोमन पुतळ्यांना मुंडकी नाहीत, कुणाला हसा म्हणायची वेळ येत नाही.