रिकामा पेन ड्राइव्ह आणि थकलेली वर्गणी

बाबांच्या जुन्या लॅपटॉपमधलं सगळं नव्यात न्यायचं होतं. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, जवळजवळ रिकामा. तरी ताईच्या लग्नाचा सहा जीबीचा व्हिडिओ घ्यायला तो तयार होईना. ‘फाइल फार मोठी आहे’ म्हणे. एवढी जागा मोकळी असून सहा मावत नाहीत म्हटल्यावर बाबा दुकानदाराचा उद्धार करायला लागले.

दुकानदार बिचारा निर्दोष. ड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. त्या जुन्या पद्धतीत फाइलचा आकार नोंदवायला ३२ बिटच असतात, म्हणून एका फाइलला चार जीबीची मर्यादा. ड्राइव्ह कितीही रिकामा असो. एक्सफॅट या नव्या पद्धतीने फॉरमॅट केला आणि व्हिडिओ निमूट गेला.

रडवलं ते बारक्या फायलींनी. तलाठ्याकडे दहा एकरांच्या एका तुकड्याची नोंद पटकन उरकते, गुंठ्यागुंठ्याच्या वाटण्यांना दिवस मोडतो, इथेही तसंच. प्रत्येक फाइलची नोंद वेगळी. वजनाला चिल्लर असलेल्या ‘शुभ सकाळ’च्या चित्रांनी लग्नाहून जास्त वेळ खाल्ला. ‘१२ मिनिटं बाकी’, मग ‘दोन तास’, मग पुन्हा ‘१५ मिनिटं’. माझं मत विचाराल तर ती चित्रं जुन्यातच सोडावीत. पण बाबांना विचारणार कोण?

शेवटी बाबांनी मंडळाचा जुना अहवाल उघडला आणि किंचाळलेच, “अरे, व्हायरस!” पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा. व्हायरस कसला? युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीचे आकार बसवायचे. फाइलच्या पोटात इंग्रजीच असते, फॉन्ट तिला मराठी नेसवतो. आपण फायली आठवणीने आणतो, फॉन्ट मागेच राहतो. जुन्या लॅपटॉपच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो आणला, नव्यात इन्स्टॉल केला. सवड काढून हे सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्यायला हवं, नाहीतर पुढच्या लॅपटॉपच्या वेळी हाच गोंधळ.

श्री गणेशाय नमः दिसल्यावर बाबांचा जीव भांड्यात पडला. पण अध्यक्षांचं मनोगत, कार्यकारिणी वगैरे भराभर ओलांडून ते थेट शेवटच्या पानावर गेले. तिथे वर्गणी थकवलेल्यांची यादी होती.

“माझा मोबाइल दे रे जरा,” ते म्हणाले.