आधी कमान की आधी वाळू?

खोल समुद्रातल्या, तेलशोधासाठीच्या एका ब्लॉकचा थ्रीडी सिस्मिक डेटा, म्हणजे ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनींतून उमटलेलं तळाखालच्या थरांचं चित्र, माझ्याकडे आला, तेव्हा काम सरळ वाटलं होतं. त्यात एकेक थर ओळखून त्याच्यावर रेघ ओढायची, नकाशा काढायचा, उंचवटा दिसला की विहीर सुचवायची. तेल वाळूच्या थरात, दाण्यांमधल्या फटींत असतं आणि पाण्यापेक्षा हलकं. वर चढतं आणि माथ्याशी अडकतं. माथा मला दुसऱ्याच आठवड्यात सापडला. खाली मिठाचा फुगलेला घुमट, वर थरांची देखणी कमान. एकच कटकट होती. माथ्याजवळ ऑटोट्रॅकर, म्हणजे थराची रेघ आपोआप पुढे नेणारं सॉफ्टवेअर, उडी मारून भलत्याच थराला चिकटायचा. मी वैतागून तेवढा भाग हातानं जोडून टाकला.

सरांनी नकाशा पाहिला. "कमान आधी की वाळू आधी?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी काही न समजावता शेजारच्या जुन्या विहिरीचा कोअर, म्हणजे विहिरीतून काढलेला खडकाचा दंडगोल, बघायला पाठवलं. मी भिंग लावून बसले. तळाशी भरड वाळू, खालचा चिखल खरवडत आलेली, त्याचे ढलपेही पोटात घेऊन. वर दाणा बारीक होत गेलेला. मग सपाट रेघा, मग इवल्या लाटांची नक्षी, शेवटी बोटाला पिठासारखा लागणारा चिखल. भूशास्त्रज्ञ बाऊमा यांनी 1962 मध्ये मांडलेला क्रम, जवळपास जसाच्या तसा. वीतभर जाडीत समुद्राखालून वाहत आलेला गाळ-पाण्याचा एक अख्खा लोंढा.

असे लोंढे काय करतात ते 1929 मध्ये कॅनडाच्या किनाऱ्याजवळ ग्रँड बँक्सला दिसलं. भूकंपानं उतारावरचा गाळ सुटला आणि समुद्रतळावरच्या टेलिग्राफच्या तारा एकेक करून तुटत गेल्या. शेवटची तेरा तासांहून जास्त वेळानं. लोंढा तळ धरून, उतार शोधत जातो. मग मीठ त्याच काळात वर येत असेल, तर माझा माथा तेव्हा समुद्रतळावरचं टेकाड होता. वाळू तिथे कशाला चढेल?

परत येऊन जाडीचा नकाशा केला. घुमटाच्या बाजूच्या खळग्यात थर जाडजूड, कमानीकडे निमुळता, माथ्यावर गायब. ऑटोट्रॅकर बरोबर होता. मी नसलेला थर जोडला होता! खळग्याचं गणितही मजेदार. दाबलं तरी मिठाची घनता फारशी वाढत नाही, वरचा गाळ मात्र दबून जड होतो. त्याच्या भारानं मीठ बाजूला सरकतं, खळगा आणखी खचतो, पुढची वाळूही तिथेच येते. मेक्सिकोच्या आखातात असे खळगे भरले की वाळू उतू जाऊन पुढच्या खळग्यात गेलेली दिसते. कमान वाळूनंतर उठली असती, तर माथ्यावरची माझी विहिरीची जुनी फुली योग्य ठरली असती.

नवी जागा मी उतारावर सुचवली, वाळू निमुळती होऊन संपते त्याच्या जरा खाली. सर बराच वेळ बघत राहिले.

"बरं. आणि ज्या वाटेनं वाळू आत आली, त्याच वाटेनं तेल बाहेर जात नाही कशावरून?"

सध्या तेच तपासते आहे.