मँचेस्टरची काचेची नळी आणि सोलापूरचं पाणी

सोलापूरहून मँचेस्टरला निघाले तेव्हा आजी म्हणाली, "गिरण्यांच्या गावातून गिरण्यांच्याच गावाला चाललीस की गं." खरंच आहे ते. तिथल्या गिरण्यांचे भोंगे थांबले, इथल्याही गिरण्या थांबल्या. मी मात्र इथे आले ती पाण्यासाठी. नळीतून वाहणारं पाणी कुठवर सरळ, थरांनी वाहतं आणि कधी घुसळायला लागतं, हा माझा विषय.

ऑस्बोर्न रेनॉल्ड्स इथेच प्राध्यापक होते. 1883 साली त्यांनी पाण्याच्या टाकीत काचेची नळी ठेवली आणि तिच्या तोंडाशी रंगाची बारीक धार सोडली. वेग कमी असेतो रंगाची रेघ सरळ राहायची. वेग वाढवत नेला की एका टप्प्यावर ती फुटायची आणि सगळी नळी रंगून जायची. वेग गुणिले व्यास, भागिले पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी (म्हणजे घनतेने भागलेला चिकटपणा), असा एक आकडा त्यांनी काढला. तोच आपण कॉलेजात पाठ केलेला रेनॉल्ड्स नंबर. विद्यापीठाने ते उपकरण जपलं आहे. पुढे त्याच उपकरणावर प्रयोग पुन्हा केला, तर रेनॉल्ड्स यांनी गाठलेल्या 13,000 या रेनॉल्ड्स नंबरपर्यंत रेघ टिकेना. कारण होतं बाहेरच्या रस्त्यावरच्या रहदारीचा थरथराट!

मला या विषयाचं वेड लागलं ते एका कोड्यामुळे. गोल नळीतल्या प्रवाहाचं गणित सांगतं की अतिसूक्ष्म धक्का कितीही वेगात विरूनच जाणार. म्हणजे कागदावर पाणी कधीच घुसळायला नको. आपल्या नळात मात्र ते रोज घुसळतं. धक्का पुरेसा मोठा असला की ते गणित लागू पडत नाही, आणि वेग वाढेल तसा लहान धक्काही पुरतो. नेमकी सीमा कुठे, याचं उत्तर यायला 2011 साल उजाडलं. जर्मनीतल्या गॉटिंगेन आणि इंग्लंडमधल्या वॉरिकच्या संशोधकांनी व्यासाच्या हजारो पट लांब नळ्यांतले प्रयोग आणि संगणकावरची गणितं एकत्र आणली. घुसळणीचे तुटक पुंजके कधी विझतात, कधी दुभंगून वाढतात. रेनॉल्ड्स नंबर साधारण 2,040 च्या पुढे गेला की वाढणं विझण्यावर मात करतं. नुसत्या प्रयोगाने किंवा नुसत्या गणिताने हे हाती लागलं नसतं, असं माझं ठाम मत आहे.

आमचे काका पाणीपुरवठ्यात नोकरीला होते. व्हिडिओ कॉलवर त्यांनी विचारलं, "उजनीच्या पाइपात कुठं शांत पाणी वाहतंय गं? मग या नळीचा उपयोग काय?"

प्रश्न रास्त आहे. एक मीटर व्यासाच्या पाइपात पाणी सेकंदाला एक मीटर जरी गेलं तरी रेनॉल्ड्स नंबर दहा लाख होतो. "काका," मी म्हटलं, "शांत प्रवाहात दुप्पट पाणी ढकलायला दुप्पट दाब लागतो, घुसळलेल्या प्रवाहात जवळजवळ चौपट. तुमच्या पंपांची बरीचशी वीज या घुसळणीतच जाते." 2018 मध्ये ऑस्ट्रियातल्या एका गटाने प्रयोगशाळेत नळीच्या मधोमध आणि कडेला वेग कसा वाटला जातो ते बदलून घुसळलेला प्रवाह पुन्हा शांत केला. घर्षणात 90 टक्क्यांपर्यंत घट झाली. शहराच्या पाइपलाइनपर्यंत हे पोचायला खूप अवकाश आहे. पण वाट आहे, हे कळलं. आपल्याकडे बंगळुरूचे शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह यांनी घुसळलेला प्रवाह परत शांत कसा होतो यावर फार आधी मूलभूत काम केलं होतं. काकांना हे ऐकून विशेष बरं वाटलं.

सोलापूरच्या इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनो, हा प्रयोग तुम्ही करून बघाच. पोटॅशियम परमँगनेटचं पाणी रंगाला चालतं. नळीचं तोंड भोंग्यासारखं रुंद ठेवा, टाकी भरल्यावर पाणी काही तास हलू देऊ नका, आणि थर्मामीटर विसरू नका. 10 अंशांच्या पाण्याची व्हिस्कॉसिटी 40 अंशांच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट असते. म्हणून दहा मिलिमीटरच्या नळीत 2,000 चा आकडा मँचेस्टरच्या हिवाळ्यातल्या गार पाण्याला सेकंदाला 26 सेंटिमीटरवर गाठता येतो, तर मे महिन्यात तुमच्या गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याला 13 वरच. दोन्ही ऋतूंत मोजा आणि आकडे मला कळवा, मी इथले पाठवते.