टनाचा भाव आणि उष्णतेचा भाव: आमच्या प्रोसेस हाऊसचं एनर्जी ऑडिट

इचलकरंजी भागातल्या एका कापड प्रोसेस हाऊसमध्ये मी मेंटेनन्स बघतो. कापड रंगवणारी जेट डाइंगची मशिनं आणि जिगर, कापड ताणून सुकवणारा स्टेंटर आणि या सगळ्यांना वाफ पुरवणारा कोळशावरचा बॉयलर. ऑडिट करून घ्यायची आमच्यावर कायद्याने सक्ती नव्हती. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. त्याखालची, मोठ्या उद्योगांना ऊर्जाबचतीचं लक्ष्य ठरवून देणारी ‘पॅट’ योजना 2012 मध्ये सुरू झाली, तेव्हा पहिल्या फेरीत देशभरातले 478 मोठे उद्योग घेतले होते. कापड उद्योगासाठी मर्यादा होती वर्षाला 3000 टन तेलाइतक्या ऊर्जेची. आम्ही त्याच्या बरेच खाली. आम्हाला हलवलं ते एका निर्यातदार गिऱ्हाइकाच्या प्रश्नावलीने: कापडाच्या मीटरमागे कोळसा किती, वीज किती?

उत्तर एकाही माणसाकडे नव्हतं. कोळशाच्या पावत्या पर्चेसकडे, विजेचं बिल अकाउंट्सकडे, किती मीटर कापड निघालं ते आकडे प्रॉडक्शनकडे. हे तिन्ही कागद एका टेबलावर आणतानाच माझ्या नाकी नऊ आले. मोजमाप त्यामानाने सोपं गेलं.

ऑडिटर आला, त्याने चिमणीकडे जाणाऱ्या डक्टमध्ये धुरातले वायू मोजणाऱ्या ॲनलायझरची नळी घातली. ऑक्सिजन 12 टक्के! म्हणजे कोळसा जळायला लागते त्याच्या दुपटीहून जास्त हवा आत जात होती, आणि ती जादा हवा तापवून आम्ही चिमणीतून सोडून देत होतो. डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, थोडा आवळा, असं म्हटल्यावर बॉयलरवरचे मामा अडून बसले. “साहेब, हवा कमी केली की धूर काळा होणार. मग प्रदूषण बोर्डवाले आले तर उत्तर कोण देणार, तुम्ही का मी?” प्रश्न रास्त होता. त्यांनी आजवर धुराच्या रंगावरच आग सांभाळली होती, आणि काळ्या धुरापेक्षा जास्त हवा बरी हा त्यांचा हिशेब तसा चूक नव्हता. मग ॲनलायझर त्यांच्याच हातात दिला. डॅम्पर बोटभर सरकवायचा, थांबायचं, कार्बन मोनॉक्साइड (कोळसा अर्धवट जळाल्याची खूण) वाढतोय का बघायचं, पुन्हा बोटभर. कोळसा टाकून झाला की भट्टीचं दार लगेच बंद करायचं. यार्डातला चुरा सगळाच्या सगळा एकदम भट्टीत टाकायचा नाही, कारण जाळीवर चुऱ्याचा थर बसला की हवा एका बाजूनेच वाट काढते. ऑक्सिजन 7 टक्क्यांपर्यंत उतरला आणि धूर होता तसाच राहिला. आता मामाच नव्या पोरांना दारावरून झापतात.

कंडेन्सेटचं, म्हणजे वाफ थंड होऊन बनलेल्या पाण्याचं, प्रकरण जास्त चिवट निघालं. जेट मशिनच्या हीट एक्स्चेंजरमधून निघणारं गरम पाणी आम्ही सरळ गटारात सोडायचो. का, तर नळीला कुठे भोक पडलं तर रंगाचं पाणी बॉयलरमध्ये जाईल. ही भीती खोटी नाही, एका कारखान्यात असं झालेलं मी पाहिलंय. पण फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, साधारण 6 अंशांनी गरम केलं की एक टक्का इंधन वाचतं. गटारात काय जात होतं, त्याचा हिशेब यावरून कोणीही करावा. शेवटी परतीच्या लाइनवर कंडक्टिव्हिटी मीटर आणि त्याला जोडलेला व्हॉल्व्ह बसवला. पाण्यात क्षार वाढले की व्हॉल्व्ह आपोआप पाणी गटाराकडे वळवतो, नाहीतर ते फीड टाकीत. टाकीला इन्सुलेशन केलं, वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारे, पण अडकून पडलेले स्टीम ट्रॅप बदलले.

मशिनांना दाबाची हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरची चाचणी सुट्टीच्या रात्री घेतली, सगळी मशिनं बंद ठेवून. हवा वापरणारं कोणी नाही, तरी कॉम्प्रेसर थोड्या थोड्या वेळाने लोड घेत होता. शांत शेडमध्ये फुसफुस कुठून येतेय ते नुसत्या कानाने कळत होतं. पाइप, कपलिंग, रेग्युलेटर, सगळीकडून. यात खर्च जवळजवळ शून्य. गळती बंद केल्यावर प्रेशर एक बारने उतरवलं तरी कोणाची तक्रार आली नाही. आपल्याकडे विजेचा मोठा वाटा अजून कोळशातूनच येतो आणि औष्णिक केंद्रात कोळशातल्या उष्णतेची जेमतेम तिसऱ्या हिश्श्याची वीज होते. त्यामुळे इथे वाचलेल्या एका युनिटमागे तिकडे जवळजवळ तीन युनिटांएवढी उष्णता वाचते.

खरी लढाई झाली पर्चेसशी. कोळसा घ्यायचा तो टनाच्या भावाने, ज्याचा भाव कमी त्याला ऑर्डर. मी कागदावर मांडून दाखवलं: किलोमागे 3600 किलोकॅलरी उष्णता देणारा कोळसा 6300 रुपये टन, आणि 4500 चा 7200 रुपये टन. दहा लाख किलोकॅलरीचा भाव काढला तर पहिला 1750 रुपयांना पडतो, दुसरा 1600 ला. म्हणजे टनामागे 900 रुपये महाग असलेला कोळसाच स्वस्त. शिवाय राख कमी, राखेत न जळता जाणारा कोळसा कमी, राख नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या फेऱ्या कमी. सरकारी खाणींच्या कोळशाची प्रतवारी 2012 पासून उष्मांकावरच होते, जी-1 ते जी-17. आम्ही मात्र अजून वजनकाट्यावरच अडकलो होतो.

पर्चेसवाल्याचा आक्षेप वेगळाच होता. “माझं काम दर खाली आणायचं. कारखान्याचा कोळसा किती वाचला हे माझ्या खात्यात कोण लिहिणार?” याचं उत्तर तांत्रिक नव्हतंच. मालकांनी त्याच्या महिन्याच्या रिपोर्टमधला ‘टनाचा दर’ हा रकाना काढून टाकला आणि त्या जागी ‘एक टन वाफेमागे कोळशाचा खर्च’ घातला. त्यानंतर प्रत्येक ट्रकचं सॅम्पल काढायला तोच आग्रह धरू लागला. पावसाळ्यात भिजलेला कोळसा आला तर ओलाव्याची वजावट मागणाराही तोच.

धुरातल्या उष्णतेने बॉयलरचं पाणी तापवणारा इकॉनॉमायझर मात्र अजून बसलेला नाही. चिमणीतल्या धुराचं तापमान साधारण 22 अंशांनी उतरवलं तर बॉयलरची कार्यक्षमता एक टक्का वाढते, त्यामुळे गणित बसतं. पण त्यासाठी मोठा शटडाऊन लागतो आणि ऑर्डर भरात असताना प्रॉडक्शनवाले तो देत नाहीत. शिवाय धूर फार थंड केला तर गंधकाचं आम्ल नळ्यांवर साचून त्या सडतात, म्हणून कोळशातलं गंधक आधी तपासून घ्यायचं आहे. त्याची सॅम्पलं लॅबला गेली आहेत. शटडाऊनची तारीख दिवाळीच्या सुट्टीत धरली आहे.