घरात प्रेशर कुकर असताना आठ तास कशाला?

पुण्याला गेले की नणंदेपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्या जणी मला एकच प्रश्न विचारतात. अमेरिकेतल्या लुइझियानातले ते रेड बीन्स म्हणजे शेवटी राजमाच ना, मग घरात प्रेशर कुकर असताना त्यासाठी स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर शिजवणारे विजेचे भांडे, आठ तास कशाला लावून ठेवायचे? दर वेळी मी "चव वेगळी लागते" एवढेच म्हणून सुटका करून घेते आणि ते उत्तर माझे मलाच अपुरे वाटते. आता तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते.

प्रश्नाचा पहिला भाग मान्यच आहे. तो राजमाच. न्यू ऑर्लिन्सच्या घरांतून तो बहुधा कॅमेलिया या १९२३ पासूनच्या स्थानिक कंपनीच्या पाकिटातून येतो आणि भाताबरोबर खाल्ला जातो, एवढ्यावरून आपल्या राजमा-चावलची आठवण होणे साहजिक आहे. आमच्या घरात तो सुनेबरोबर आला. तिचे माहेर न्यू ऑर्लिन्सचे आणि आमचे घर तिथून दीड तासावर, बॅटन रूजला. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळात विहीणबाईंनी मला एक लंबगोल स्लो कुकर भेट दिला. त्यासोबत कृतीचा कागद मात्र दिला नाही. त्या एका सकाळी आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आईच्या हातचे रेड बीन्स त्यांनी मला करून दाखवले.

या पदार्थाला वार आहे, आणि तो सोमवार आहे. सोमवार हा तिथला धुण्याचा दिवस. रविवारच्या जेवणातल्या हॅमचे, म्हणजे डुकराच्या मांडीचे, उरलेले हाड, भिजवलेला राजमा आणि कांदा एका मोठ्या पातेल्यात घालून ते चुलीच्या मागच्या बाजूला सरकवायचे आणि घरातल्या बाईने दिवसभर कपडे उकळायचे, घासायचे, पिळायचे, वाळत घालायचे. संध्याकाळी हात सुकेपर्यंत जेवण आपोआप तयार. धुलाई यंत्रे आली तरी हा वार हटला नाही, आजही तिथल्या कित्येक खाणावळींत सोमवारी रेड बीन्स ठरलेले असतात. राजमा-भाताच्या या जोडीचा संबंध पुष्कळ जण हैतीच्या क्रांतीनंतर आलेल्या निर्वासितांशी जोडतात. १८०९ च्या सुमारास त्यांतली नऊ हजारांहून अधिक माणसे क्यूबामार्गे न्यू ऑर्लिन्सला पोहोचली होती. त्याच शहरात वाढलेले जॅझ संगीतकार लुई आर्मस्ट्राँग आपल्या पत्रांच्या शेवटी "रेड बीन्स अँड राइसली युअर्स" अशी सही करत, हे विहीणबाई घरातल्याच कोणाबद्दल सांगावे तसे सांगतात. आमची अडचण अशी की सोमवार शंकराचा. सासूबाईंपासून चालत आलेला उपास मी इथेही सोडलेला नाही, तेव्हा डुकराच्या मांसाचा पदार्थ त्या दिवशी चुलीवर चढणे शक्य नव्हते. विहीणबाई कॅथलिक आहेत आणि ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांत शुक्रवारी मांस खात नाहीत, त्यामुळे त्यांना हे फार समजावून सांगावे लागले नाही. आमच्या घरचा सोमवार मंगळवारी असतो.

आता आठ तासांविषयी. माझ्या आजीच्या चुलीला वैल होता. मुख्य जाळावर भाकऱ्या होत आणि त्याची उरलेली धग शेजारच्या वैलाखाली जाई, तिथे आमटीचे किंवा दुधाचे भांडे सकाळभर बसलेले असे. त्याच्याकडे कोणी पाहत नसे. विहीणबाईंच्या आजीच्या चुलीची मागची बाजू आणि माझ्या आजीचा वैल ही एकच सोय आहे, आणि स्लो कुकर म्हणजे विजेवर चालणारा वैल, असे मला पहिल्याच दिवशी वाटले. पुढे या यंत्राची हकीकत कळली तेव्हा हा तर्क फार चुकलेला नव्हता असे दिसले. आयर्विंग नॅक्सन नावाच्या ज्यू संशोधकाने १९३६ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९४० मध्ये ते त्याला मिळाले. त्याच्या आईचे मूळ घर लिथुआनियातले. तिथे शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी चोलेंट नावाच्या कालवणाचे भांडे गावातल्या भटारखान्यात नेऊन ठेवत आणि विझत्या भट्टीच्या उष्णतेवर ते रात्रभर शिजे, ही आठवण तिने मुलाला सांगितली होती. नॅक्सनने आपल्या भांड्याचे नावच "बीनरी" ठेवले, कारण ते मुख्यतः कडधान्य शिजवण्यासाठी होते. १९७० मध्ये रायव्हल कंपनीने त्याचा व्यवसाय विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी तेच भांडे थोडे सजवून क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आणले.

प्रेशर कुकरात राजमा मऊ होत नाही असे मी म्हणणार नाही. तो उत्तम मऊ होतो. पण झाकण उघडल्यावर दाणे वेगळे आणि पाणी वेगळे दिसते. आमटीविषयी आपण "मिळून आली" असे म्हणतो ना, तेवढेच राहून जाते. कमी आचेवर तासन्‌तास राहिलेल्या राजम्यातला स्टार्च हळूहळू रसात उतरतो, कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची दिसेनाशी होतात, हाडातला चिकटपणा पाण्यात येतो आणि सॉसेजचा धुराचा वास प्रत्येक दाण्यापर्यंत पोहोचतो. शेवटी भांड्यातला पाव भाग राजमा पळीच्या पाठीने कडेला घोटून पुन्हा ढवळला की रस सायीसारखा दाट होतो. रेड बीन्सची परीक्षा विहीणबाई दाण्यावरून करत नाहीत. भाताच्या ढिगावरून रस किती सावकाश उतरतो ते पाहतात.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण खरे म्हटले तर तिच्यासाठीच हे लिहायला बसले. विहीणबाई गेल्यानंतर मी एकटीने पहिल्यांदा बीन्स केले तेव्हा रात्रभर भिजवलेला राजमा निथळून थेट स्लो कुकरमध्ये घातला. त्यांनी तो आधी शेगडीवर खळखळून उकळला होता, पण वेळ वाचवण्यासाठी तसे केले असावे असे मी समजले. संध्याकाळी दाणे जरासे करकरीत लागले, तरी आम्ही चौघांनी जेवून घेतले आणि तीन तासांच्या आत चौघेही उलट्यांनी हैराण झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे ठीक होते. आम्ही दोष सॉसेजला दिला आणि उरलेले सॉसेज फेकून दिले. सुनेने फोनवर पहिला प्रश्न विचारला तो असा, की राजमा उकळला होता का?

कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचे एक प्रथिन असते आणि लाल राजम्यात ते सर्वांत जास्त असते. चार-पाच कच्चे दाणेही पोट बिघडवायला पुरतात. पूर्ण उकळीच्या तापमानाला ते नष्ट होते, परंतु ८० अंश सेल्सिअसच्या आसपास राजमा नुसता तापत राहिला तर त्याचा विषारीपणा कमी होण्याऐवजी कच्च्या दाण्याच्या पाचपटीपर्यंत वाढू शकतो, आणि स्लो कुकरमधले अन्न पुष्कळदा ७५ अंशांच्या वर जातच नाही असे तपासण्यांत आढळले आहे. म्हणून अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन सांगते की राजमा किमान ५ तास भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात किमान ३० मिनिटे उकळावा. आपल्याकडच्या बायकांना हे ठाऊक नसते यात त्यांचा दोष नाही. प्रेशर कुकरचे तापमान १२० अंशांच्या जवळ जाते, तिथे या प्रथिनाचा निभाव लागत नाही, आणि शिट्ट्या मोजणाऱ्या घरात त्याची भीती बाळगण्याचे कारणच पडले नाही. मुले परदेशी गेली, स्लो कुकर विकत घेतला आणि आईला फोन करून राजम्याची कृती विचारली की मात्र ही फट उघडी पडते. आई "छान भिजव" एवढेच सांगते.

तेव्हा माझी आजची रीत अशी आहे. साधारण ४५० ग्रॅम राजमा रात्री भिजत घालते, सकाळी पाणी बदलून अर्धा तास खळखळून उकळते आणि तेही पाणी ओतून देते. राजमा जुना असेल तर गणंग उरतातच. त्याला कोणतेही यंत्र उपाय करू शकत नाही, नवे पाकीट आणावे. तोवर कढईत अँडुई या धुरावलेल्या सॉसेजच्या चकत्या लालसर परतून त्याच चरबीत एक मोठा कांदा, सेलरीचे दोन दांडे, एक हिरवी ढोबळी मिरची आणि पाच-सहा लसूण पाकळ्या परतते. ही परतणी टाळून सगळे कच्चेच भांड्यात लोटण्याची जी पद्धत दिसते, ती मला आळसाची वाटते, आणि पदार्थ तसाच लागतो. मग थाइम, लाल तिखट, मिरी आणि दोन बे लीफ. बे लीफ म्हणजे आपले तमालपत्र नव्हे. आपल्या पानाला तीन ठळक शिरा आणि दालचिनीचा वास असतो, तो इथे विसंगत लागतो. पाणी दाण्यांच्या वर दोन बोटे पुरे, कारण या भांड्यातून वाफ फारशी बाहेर जात नाही. झाकण सारखे उघडून पाहू नये. दर वेळी गेलेली उष्णता परत यायला वीस-तीस मिनिटे लागतात. टोमॅटो किंवा व्हिनेगर आरंभी घातले तर दाणा अडून बसतो, जसे आपण डाळ शिजण्याआधी चिंच घालत नाही. आंबट-तिखट सॉस ज्याने त्याने ताटात घ्यावा. भात मात्र वेगळा आणि मोकळा शिजवायचा.

शाकाहारी मंडळी आली की सॉसेजऐवजी धुरावलेल्या पॅप्रिकाची पूड घालते आणि शेवटी वाटीत निखारा ठेवून, त्यावर तूप सोडून झाकण लावते. विहीणबाईंनी हा प्रकार पाहिला तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दुसऱ्यांदा वाढून घेतले.

इतके वाचूनही कुकरच लावायचा असेल तर जरूर लावा. भिजवलेला राजमा वरील परतणीसह पाच-सहा शिट्ट्यांवर शिजवा, वाफ जिरल्यावर पाव भाग घोटून घ्या आणि मग झाकण अर्धवट ठेवून मंद आचेवर पाऊण तास राहू द्या. तो पाऊण तास वगळला तर तुमच्या ताटात राजमा येईल, रेड बीन्स येणार नाहीत. त्या वेळात तळाला लागू नये म्हणून शेजारी उभे राहून ढवळत राहावे लागते. माझे आठ तास असे उभ्याने जात नाहीत. मंगळवारी सकाळी साडेनऊला भांडे लावते आणि कपडे यंत्रात टाकून वाचनालयात जाते.